अप्सिलॉनचं दुसरं शिखर कुठे गेलं? घरच्या संगणकावर शोधायची रीत

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला अणुकेंद्रीय भौतिकी शिकवताना मी फळ्याशेजारी दोन आलेख लावते. दोन्हींच्या आडव्या अक्षावर म्यूऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या, जोडीचं वस्तुमान आहे, ८ ते १२ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक). डावीकडचा आलेख प्रोटॉन-प्रोटॉन टकरींचा. त्यात एक उंच शिखर, उजवीकडे एक ठेंगणं, आणि त्याला खेटून तिसरं आणखी ठेंगणं. उजवीकडचा आलेख शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींचा. त्यात पहिलं शिखर उभं आहे, पण बाकीची दोन जवळजवळ सपाट झालेली. ही तिन्ही शिखरं म्हणजे अप्सिलॉन नावाच्या कणाच्या तीन पातळ्या. मुलं बघतात, ‘क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मात अप्सिलॉन वितळतो’ अशी एक ओळ वहीत लिहितात आणि पान उलटतात.

त्या ओळीमागे माझ्या पीएच.डी.ची पाच वर्षं आहेत. ती अशी पाठ होऊन निघून गेलेली मला सोसत नाही. म्हणून मी मुलांकडून एक उद्योग करून घेते: पहिला आलेख स्वतःच्या हाताने काढायचा, आणि मगच दुसऱ्याकडे बघायचं. त्यासाठी लागतो एक साधा लॅपटॉप, एक्सेल किंवा लिबरऑफिस, एक वही आणि दोन रविवार. प्रोग्रामिंग येत असेल तर काम लवकर होईल, नसेल येत तरी अडणार नाही. माझा मावसभाऊ विम्याचं काम करतो, विज्ञान बारावीनंतर सुटलेलं. त्यानेही हे पूर्ण केलं.

आधी जोडी ओळखून घ्या

प्रोटॉन-न्यूट्रॉनमधले अप आणि डाउन क्वार्क अगदी हलके. चार्म आणि बॉटम मात्र जड: चार्म साधारण १.३ जीईव्हीचा, बॉटम ४.२ चा. अख्खा प्रोटॉन ०.९४ जीईव्हीचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. जड क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क एकमेकांना धरून राहिले की त्या जोडीला क्वार्कोनियम म्हणतात. चार्मच्या जोडीचं नाव जे-साय. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग यांच्या गटाने आणि स्टॅनफर्डला बर्टन रिक्टर यांच्या गटाने ती एकाच वेळी जाहीर केली. एकाने नाव दिलं जे, दुसऱ्याने साय, आणि दोन्ही टिकली. बॉटमची जोडी म्हणजे अप्सिलॉन. ती १९७७ मध्ये फर्मीलॅबला लिऑन लेडरमन यांच्या गटाला सापडली.

हायड्रोजनच्या अणूला जशा पातळ्या असतात तशा याही जोड्यांना असतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: अप्सिलॉन १एस ९.४६०, २एस १०.०२३, ३एस १०.३५५ जीईव्ही. आता एक छोटी वजाबाकी करा. बॉटम क्वार्क एखाद्या हलक्या क्वार्कबरोबर असला की बी मेसॉन होतो, त्याचं वस्तुमान ५.२७९ जीईव्ही. असे दोन मेसॉन म्हणजे १०.५५८. त्यातून तिन्ही पातळ्या वजा केल्या की साधारण १.१०, ०.५४ आणि ०.२० येतात. जोडी फोडून दोन बी मेसॉन वेगळे करायला एवढी ऊर्जा लागते. पहिली पातळी घट्ट, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी जेमतेम. आकाराचंही तसंच: दोन क्वार्कांमधलं अंतर तीन पातळ्यांत अंदाजे ०.२८, ०.५६ आणि ०.७८ फेम्टोमीटर.

हे सहा आकडे डोळ्यांसमोर ठेवा, पुढचं सगळं यांवरच उभं आहे. १९८६ मध्ये तेत्सुओ मात्सुई आणि हेल्मुट साट्झ यांनी मांडलं की अणुकेंद्रकांच्या टकरीत क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन सुटे झालेला तप्त रस, म्हणजेच क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, तयार होत असेल, तर त्यात जे-साय कमी दिसायला हवेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत नवरा-बायको दंडात दंड अडकवून चालले तर शेवटपर्यंत एकत्र राहतात. नुसतं बोट धरून, हातभर अंतराने चालले तर मध्ये माणसं घुसतात आणि हात सुटतो. प्लाझ्मात मध्ये घुसतात ते सुटे रंगभार, म्हणजे तीव्र बलाचे भार. ते जोडीतल्या दोघांचा भार एकमेकांपासून झाकतात. आता या चित्रात भर पडली आहे. भार झाकला जातो तसेच ग्लुऑन येऊन धडकतात आणि त्या धक्क्यांनीही जोडी फुटते. पण सैल जोडी आधी तुटते, हे दोन्हीकडे सारखंच. असा रस तयार व्हायला सुमारे १५६ एमईव्ही तापमान लागतं, म्हणजे साधारण १.८ लाख कोटी केल्विन.

फाइल उतरवा आणि एक ओळ हाताने सोडवा

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएस प्रयोगाचा (एलएचसी या तिथल्या मोठ्या टक्करयंत्रावरचा एक प्रयोग) डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. तिथे २०११ च्या प्रोटॉन टकरींमधून निवडलेल्या दोन-म्यूऑन घटनांची सीएसव्ही फाइल शोधा. २ ते ११० जीईव्हीच्या पट्ट्यातल्या एक लाख घटना एकाच फाइलमध्ये मिळतात. एका ओळीत एक घटना: प्रत्येक म्यूऑनची ऊर्जा, संवेग, पीटी, ईटा, फाय, आणि शेवटी भार क्यू. पीटी म्हणजे किरणशलाकेच्या आडव्या दिशेतला संवेग. ईटा म्हणजे म्यूऑन शलाकेकडे किती कललेला आहे त्याचं माप, आणि फाय म्हणजे शलाकेभोवतीचा कोन. जुना लॅपटॉप अडखळत असेल तर दोन्ही म्यूऑनचे पीटी, ईटा, फाय, क्यू एवढे आठच स्तंभ नव्या शीटमध्ये घ्या.

फाइलमध्ये वस्तुमानाचा स्तंभ तयार असतो. तो आधी झाकून ठेवा. तुम्ही काढायचं सूत्र हे (कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, शीटमध्ये COSH):

वस्तुमानाचा वर्ग = २ × पीटी१ × पीटी२ × (ईटांच्या फरकाचा कॉश − फायच्या फरकाचा कॉस)

समजा एका म्यूऑनचा पीटी ६ जीईव्ही, दुसऱ्याचा ५. ईटांमध्ये फरक ०.८, फायमध्ये १.७२५. ०.८ चा कॉश १.३३७, १.७२५ चा कॉस उणे ०.१५४. कंसात १.४९१ आले, त्याला ६० ने गुणलं की ८९.४६, वर्गमूळ ९.४६. म्हणजे बरोबर अप्सिलॉनच्या माथ्यावर. हे एकदा वहीत, पेन्सिलीने करा. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवायला विसरू नका. डिग्रीवर राहिला तर उत्तर ४.५ येतं. वर्गात दर वर्षी चार-पाच वह्यांत मला हेच ४.५ दिसतं, आणि मूल घाबरून सूत्रच चुकलंय म्हणतं. स्प्रेडशीट मुळातच रेडियन धरते, तिथे ही अडचण नाही.

या सूत्रात म्यूऑनचं स्वतःचं वस्तुमान, ०.१०६ जीईव्ही, सोडून दिलं आहे. एवढ्या संवेगाला त्याने पडणारा फरक हजारात एकाहूनही कमी. आता सूत्र सगळ्या ओळींना लावा आणि झाकलेला स्तंभ उघडा. दोन स्तंभ दुसऱ्या-तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले की पुढे चला. नाही जुळले तर इथेच थांबून चूक शोधा, पुढे ती सापडणार नाही.

शिखर उभं करताना

दोन्ही म्यूऑनचे भार विरुद्ध असलेल्या ओळी ठेवा, म्हणजे क्यू१ × क्यू२ = −१. समान भाराच्या ओळी टाकून न देता वेगळ्या शीटवर ठेवा, त्यांचं काम नंतर आहे. आता ८ ते १२ जीईव्हीचे कप्पे पाडा आणि ‘काउंटइफ्स’ लावून प्रत्येक कप्प्यातल्या घटना मोजा.

कप्पा केवढा घ्यायचा हे तीन वेळा करून बघा. अर्ध्या जीईव्हीचा घेतलात तर तिन्ही शिखरांचा मिळून एक ढिगारा दिसेल, कारण पहिल्या आणि दुसऱ्यात अंतरच ०.५६ आहे. ०.०१ चा घेतलात तर साळिंदराची पाठ दिसेल. ०.१ किंवा ०.०५ वर आकार उमटतो. तरीही दुसरं आणि तिसरं एकमेकांत मिसळलेलं वाटलं तर दोन्ही म्यूऑनचा ईटा उणे १ ते अधिक १ मध्ये असलेल्या घटनाच घ्या. सीएमएसच्या मधल्या भागात म्यूऑनचा मार्ग ३.८ टेस्लाच्या चुंबकात चांगला वाकतो आणि संवेग नेमका मोजता येतो. कडेला गेलेल्यांचा तितका नेमका येत नाही. घटना कमी होतील, शिखरं टोकदार होतील. अप्सिलॉनच्या आसपासच्या, ८ ते १२ जीईव्हीच्या घटनांची वेगळी फाइलही त्याच पोर्टलवर आहे. एक लाखांतून छाटून फार थोड्या उरल्या तर ती घ्या.

इथे मी मुलांना थांबवून एक प्रश्न विचारते: या शिखराची रुंदी कोणाची? १एसची खरी रुंदी ५४ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ०.००००५४ जीईव्ही. तुमच्या आलेखात शिखर त्याच्या हजार-दीड हजार पट रुंद आहे. कण आपला जागच्या जागी सुईसारखा आहे, पसरट केलंय मोजणाऱ्या यंत्राने. हे कळल्यावर मुलं त्या आलेखाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, हे मी दर वर्षी पाहते. शिखराचा डावा उतार उजव्यापेक्षा किंचित लांबट दिसेल. काही म्यूऑन निघता निघता एक फोटॉन सोडतात, ऊर्जा घटते आणि जोडीचं वस्तुमान कमी भरतं. व्यावसायिक लोक या आकारासाठी ‘क्रिस्टल बॉल’ नावाचं फलन वापरतात. स्टॅनफर्डला त्याच नावाचा प्रयोग होता, त्यावरून ते नाव पडलं.

प्रत्येक कप्प्याच्या मोजणीला तिच्या वर्गमुळाएवढी अनिश्चितता लावा. १०० घटना असतील तर १० इकडे-तिकडे. आलेखात त्या उभ्या रेघा काढायला कंटाळू नका. १९७६ मध्ये लेडरमन यांच्याच गटाने इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत ६ जीईव्हीच्या आसपास नवा कण जाहीर केला होता आणि त्याला अप्सिलॉन हे नाव सुचवलं होतं. आणखी डेटा आल्यावर ते शिखर विरून गेलं. पुढच्या वर्षी ९.५ च्या जवळ खरं शिखर सापडलं तेव्हा तेच नाव त्याला मिळालं. इतक्या निष्णात माणसांना थोड्या घटनांनी फसवलं, तर आपल्या शीटमधल्या एकट्या उंच कप्प्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

आता तळ वजा करायचा. शिखरांखाली जो उतरता पठाराचा भाग दिसतो तो खऱ्या अप्सिलॉनचा नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले म्यूऑन योगायोगाने जोडीला लागलेले असतात. शिखरांच्या डावीकडचे आणि उजवीकडचे मोकळे कप्पे घेऊन एक सरळ रेघ ओढा आणि शिखराखाली ती किती भरते ते मोजा. बाजूला ठेवलेल्या समान भाराच्या जोड्या आता उघडा. दोन्ही म्यूऑन धन किंवा दोन्ही ऋण असलेली जोडी अप्सिलॉनपासून येऊच शकत नाही, त्यामुळे त्यांच्या आलेखात ९.४६ ला काहीही उठून दिसता कामा नये. दिसलं, तर गाळणी चुकली आहे.

वजाबाकीत एक चूक हमखास होते. खिडकीत ९०० घटना, तळ ७००, उरल्या २००. अनिश्चितता २०० च्या वर्गमुळाची, १४, असं लिहून मोकळे होऊ नका. मोजल्या होत्या ९००, त्यामुळे ती किमान ३० आहे. तळ जितका जाड, तितकं शिखर डळमळीत. शिशाच्या टकरीत हाच तळ फार जाड असतो.

शिशाकडे वळताना

नोव्हेंबर २०१८ मध्ये, शिशाच्या टकरी चालू असताना, मी फ्रान्समधल्या सेसीला सीएमएसच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या केल्या. प्रोटॉनच्या टकरीचं चित्र पडद्यावर येतं तेव्हा रेषा मोजता येतील असं वाटतं. शिशाची समोरासमोर टक्कर झाली की मधला भाग अक्षरशः भरून जातो. हजारो भारित कण, एकही मोकळी फट नाही. आणि त्या गचपणातून बाहेरच्या लोखंडापर्यंत दोनच लाल रेषा पोहोचतात. ते म्यूऑन. पहाटे तीनला अशी एक घटना समोर आली, खाली वस्तुमान लिहिलेलं ९.४ च्या आसपास, आणि मी शेजारच्या सहकाऱ्याला हलवून दाखवली. एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही हे आम्हां दोघांना ठाऊक होतं. तरी आम्ही बराच वेळ ती बघत बसलो.

म्यूऑनच का, हे त्या पडद्यावर स्पष्ट कळतं. त्यांच्यावर तीव्र बलाचा परिणाम होत नाही. प्लाझ्मातून, कॅलरीमीटरमधून, लोखंडातून ते निघून येतात. अप्सिलॉन १एस शंभरात अडीच वेळाच म्यूऑनच्या जोडीत फुटतो, पण जो फुटतो तो ओळखू येतो. आणखी एक हिशेब करून बघा. ५४ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदीचा अर्थ असा की अप्सिलॉन इतका वेळ जगतो, ज्यात प्रकाश सुमारे ३६५० फेम्टोमीटर जाईल. प्लाझ्मा त्याच मापात दहाच्या आसपास टिकतो. म्हणजे जो अप्सिलॉन आपण मोजतो तो रस विझून गेल्यावर कितीतरी वेळाने फुटलेला असतो. शिखरात दिसतात ते वाचलेले.

शिशाच्या २०१० आणि २०११ च्या टकरींचा मूळ डेटाही सीएमएसने खुला केला आहे, पण तो उघडायला त्यांचं सॉफ्टवेअर आणि आभासी यंत्र लागतं. पहिल्या दोन रविवारी त्याच्या मागे लागू नका. प्रसिद्ध झालेले आकडे घ्या, हेपडेटा या संग्रहात ते तक्त्यांच्या रूपात मिळतात.

भाजक कुठून आणलास?

वाचलेले किती, हे सांगायला ‘मुळात किती असायला हवे होते’ ते लागतं. त्यासाठीचं गुणोत्तर म्हणजे आरएए. अंशस्थानी शिशाच्या टकरीत मिळालेले अप्सिलॉन. छेदस्थानी प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत मिळणारे, गुणिले शिशाच्या एका टकरीत एका केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन दुसऱ्यातल्यांवर किती वेळा आदळतात तो आकडा. शिशाच्या केंद्रकात २०८ कण. २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अगदी समोरासमोरच्या टकरीत अशा सुमारे १,७०० जोड-धडका होतात. हा आकडा कोणी मोजत नाही, तो रॉय ग्लॉबर यांच्या नावाच्या प्रारूपातून काढतात. शिशाने काहीच केलं नसेल तर आरएए बरोबर १ येतो.

आता मोहात पाडणारी गोष्ट: तुम्ही नुकताच काढलेला प्रोटॉनचा सुंदर आलेख छेदात ठेवायची. ठेवू नका. तो २०११ चा, ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींचा आहे. शिशाचा २०११ चा डेटा प्रत्येक जोड-धडकेला २.७६ चा आहे. शिवाय तुमच्या फाइलमधले म्यूऑन वेगळ्या ट्रिगरने (कोणती घटना नोंदवायची ते ठरवणाऱ्या चाळणीने), वेगळ्या अटींनी निवडलेले आहेत. ऊर्जा बदलली की अप्सिलॉन बनण्याचं प्रमाण बदलतं. म्हणूनच २०११ मध्ये एलएचसीने मुद्दाम काही दिवस प्रोटॉनही २.७६ वर चालवले, केवळ हा भाजक मिळावा म्हणून. तुमचा आलेख शिखरं ओळखायला शिकवतो, भागाकारात त्याला जागा नाही.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझा १एसचा आरएए ०.९ च्या जवळ आला. तीन आठवडे मी त्या आकड्यावर स्पष्टीकरणं रचत होते, दोन वह्या भरल्या. शेवटी माझ्या सरांनी पूर्ण आलेख न बघता एवढंच विचारलं, “भाजक कुठून आणलास?” मी शिशाच्या गर्दीत म्यूऑन निसटतात म्हणून अंशाला दुरुस्ती लावली होती. प्रोटॉनच्या टकरीतही काही म्यूऑन निसटतात. ती दुरुस्ती छेदाला लावायची राहून गेली होती. अंश फुगला, छेद तसाच राहिला. त्या दिवसापासून मी कोणतंही गुणोत्तर वाचताना आधी खाली बघते, मग वर.

सीएमएसने २०१२ मध्ये दिलेले आकडे आता घ्या. म्यूऑनचा पीटी ४ जीईव्हीहून जास्त, ही अट दोन्ही बाजूंना एकच. आरएए: १एस ०.५६, २एस ०.१२, आणि ३एस ०.१० हूनही कमी, इतका थोडा की तेव्हा फक्त वरची मर्यादा सांगता आली. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावरच्या १.१०, ०.५४, ०.२० समोर लिहा. घट्ट जोडी निम्म्याहून जास्त वाचली, सैल जवळजवळ नाहीशी. पुढे ५.०२ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या २०१८ च्या डेटातून तिसरं शिखरही शिशात अखेर स्पष्ट दिसलं, आणि ते दुसऱ्यापेक्षाही जास्त दबलेलं निघालं.

०.१२ ला ०.५६ ने भागा: ०.२१. हे दुहेरी गुणोत्तर, आणि मला ते साध्या आरएएपेक्षा जास्त आवडतं. २एस आणि १एस दोन्ही म्यूऑनच्या जोडीतूनच दिसतात, वस्तुमानही जवळचं, त्यामुळे निसटलेल्या म्यूऑनची दुरुस्ती वर-खाली जवळपास कापली जाते. माझ्यासारखी चूक करायला इथे वावच कमी. ग्लॉबरचा १,७०० देखील उडून जातो. सीएमएसने २०११ मध्ये जी पहिली बातमी दिली ती याच रूपात होती: २एस आणि ३एस मिळून, १एसच्या तुलनेत, ०.३१. अनिश्चितता मोठी होती, दुसऱ्या वर्षी जास्त डेटाने ती आवळली गेली.

पण ०.५६ वाचून ‘१एसही निम्मा वितळला’ असं म्हणण्याची घाई नको. प्रोटॉन टकरीत जे १एस दिसतात त्यांतला बराच भाग, साधारण तीस टक्के, थेट जन्मलेला नसतो. तो २एस, ३एस आणि काय-बी या वरच्या पातळ्या खाली उतरून आलेला असतो. वरच्या पातळ्या आधीच फुटल्या तर खाली उतरणारेच उरत नाहीत. १एस स्वतः शाबूत राहिला तरी त्याचा आकडा घटतो. शिवाय शिशाच्या केंद्रकात ग्लुऑनांची वाटणी सुट्या प्रोटॉनसारखी नसते, त्याचाही थोडा हात आहे. तो वेगळा काढण्यासाठी प्रोटॉन आणि शिसं यांच्या टकरी केल्या जातात. तिथेही २एस, १एसपेक्षा जास्त कमी होतो, मात्र शिसं-शिशाइतका नाही. वहीत ०.५६ पुढे ही तीन-चार कारणं लिहून ठेवा. प्रत्येकाचा वाटा किती, यावर आजही काम चालू आहे.

जे-साय वेगळा वागतो

खरं तर मात्सुई-साट्झ यांनी नाव घेतलं होतं जे-सायचं, आणि गुंता तिथेच जास्त आहे. सर्नच्या एनए५० प्रयोगाने नव्वदच्या दशकात, प्रत्येक जोडीला १७.३ जीईव्ही ऊर्जेच्या शिसं-शिसं टकरीत, साध्या केंद्रकीय शोषणाने समजावता येणार नाही एवढी जे-सायची घट दाखवली. ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या टक्करयंत्रावर ऊर्जा २०० जीईव्ही झाली. रस जास्त तापलेला, तरी घट साधारण पूर्वीइतकीच. मग एलएचसीवर २,७६० जीईव्ही, आणि अॅलिस प्रयोगाला कमी पीटीचे जे-साय आरएचआयसीपेक्षा जास्त वाचलेले दिसले. सरासरी आरएए सुमारे ०.५५. जास्त तापवलं आणि जास्त वाचले.

मिरवणुकीकडे परत जाऊ. अप्सिलॉनच्या बाबतीत गर्दीत एखादंच जोडपं असतं. हात सुटला की जोडीदार पुन्हा सापडत नाही. चार्मच्या बाबतीत एलएचसीच्या एका समोरासमोरच्या टकरीत चार्म-प्रतिचार्मच्या जवळपास शंभर जोड्या जन्मतात. सगळ्यांचे हात सुटले तरी गर्दी पांगताना कोणत्याही चार्मच्या हाताला कोणताही प्रतिचार्म लागू शकतो. माणसांचं चित्र इथे अपुरं पडतं, कारण चार्म क्वार्क सगळे एकसारखे. मूळ जोडी आणि नवी जोडी यांत फरकच नसतो, दोन्ही अस्सल जे-साय. याला पुनर्जुळणी म्हणतात, आणि पीटर ब्राउन-मुन्झिंगर व योहाना श्टाखेल यांनी ती २००० मध्येच, एलएचसीवर शिशाच्या टकरी सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी, मांडली होती.

ही कल्पना तपासायची कशी, हा मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. नव्याने जुळलेले जे-साय रसात रेंगाळलेल्या क्वार्कांपासून बनतात, म्हणून ते कमी पीटीला जास्त असायला हवेत. आहेत. ते क्वार्क रसाबरोबर वाहिलेले, म्हणून तिरप्या टकरीत रस ज्या दिशेला जास्त फुगतो त्या दिशेला जे-सायही जास्त दिसायला हवेत. दिसतात. अप्सिलॉनमध्ये ही पुनर्जुळणी फारशी नाही, म्हणून तसा कल दिसू नये, आणि आतापर्यंतच्या मोजण्यांत तो शून्याशी जुळतो.

दुसऱ्या रविवारी हे करा: त्याच पोर्टलवरची २ ते ५ जीईव्हीची जे-सायची फाइल घ्या आणि सगळी पायवाट पुन्हा चाला. ३.०९७ चं शिखर कोणत्याही कप्प्याला दिसेल, इतकं ते दांडगं आहे. ३.६८६ चं साय-२एस शोधायला कप्पा ०.०२ वर आणा. डी मेसॉन (चार्म क्वार्क आणि एक हलका क्वार्क) १.८६५ चा धरून साय-२एसची बंधनऊर्जा, म्हणजे जोडी फोडायला लागणारी ऊर्जा, काढा: ०.०४४ जीईव्ही. अप्सिलॉन ३एसच्याही एक-पंचमांश. आणि हे विसरू नका की या फाइलमधले काही जे-साय बी मेसॉन फुटून आलेले आहेत. बी मेसॉन मुख्य टकरीच्या जागेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पुढे जाऊन फुटतो, म्हणजे ते जे-साय रसाच्या आत जन्मलेलेच नसतात. सीएसव्हीत ते अंतर दिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या आलेखात ते मिसळलेलेच राहतील. शीटच्या वरच्या ओळीत तशी नोंद करा, खाली ऊर्जा, पीटीची अट आणि कप्प्याची रुंदी लिहा, आणि मग शीट जतन करा.